सिंधूबाईच्या पायाची आग

सिंधूबाई मले भाऊ म्हणायची, पण राखी तिनं मले एकदाही बांधली नाही. हिंगणीच्या बाजारात तीस वर्षं आम्ही शेजारी बसलो. माझी वांगी आणि ढेमसं, तिचा सांभार म्हणजे कोथिंबीर, मेथी, पालक, हिरव्या मिरच्या. मी एकदा विचारलंही, भाऊ म्हणते तं राखी काऊन नाई बांधत? तर म्हणे, "राखी बांधली तं तुमचा मान ठेवा लागते. मंग सावलीसाठी भांडता येनार नाई." आमच्या दोघांच्या मधात एका कडुलिंबाची सावली पडायची. सकाळी ती तिच्याकडे, दुपारून माझ्याकडे. त्या सरकत्या सावलीपायी आम्ही तीस वर्षं भांडलो आणि तीस वर्षं एकमेकांची दुकानं सांभाळली.

मी चौथी पास. हातात पेन धरला की बोटं अवघडतात. पण बाजारात आता तिची गोष्ट लोक आपापल्या मनानं सांगून राह्यले. कोणी म्हणते तिनं नवस मोडला म्हणून तिचा पाय गेला. हे खोटं आहे. नवस तिनं मरेपर्यंत मोडला नाही. मोडला असता तर बरं झालं असतं. मी जवळून पाह्यलं आहे, आणि त्यात माझाही हात आहे, म्हणून लिहितो.

दिसायले बुटकी, सावळी, कपाळावर गोंदणाचा हिरवा ठिपका. नवरा लवकर गेला. पोरगा बुटीबोरीले कंपनीत, घरी सून मंदा. कालव्याच्या कडेची दीड एकर जमीन ती एकटी करायची. आवाज असा की तिनं "मेथी" म्हटलं की पलीकडच्या रांगेतला कापडवाला आपला भाव सांगता सांगता थांबायचा. एकदा नागपूरकडचा एक माणूस माझ्या ढिगातलं एक एक वांगं उचलून, फिरवून, वास घेऊन परत टाकून राह्यला होता. मी रागीट, पण गिऱ्हाईकापुढं गप्प होतो. शेवटी सिंधूबाईच बोलली, "साहेब, भाजी करायची आहे का सोयरीक?" त्याची बायको इतकी हसली की त्या माणसाले मुकाट्यानं दोन किलो घ्यावी लागली.

सांभार तिनं कधी तोलला नाही. तिची मूठ हेच माप. एखादी नवी सून भाजी घ्यायले आली की तिच्या तोंडाकडे पाहायची आणि न मागता मेथीची जुडी जास्तीची टाकायची. "खाजो, आता दोघांचं खा लागते," म्हणायची. सासूले माहीत नसायचं, पण सिंधूबाईले समजलेलं असायचं. कोणाचे डोळे पिवळे झाले, कोणाच्या अंगावर सूज चढली, हे तिले पहिले दिसे. आपलं मात्र तिले दिसलं नाही, आणि बाजूले बसून मलेही दिसलं नाही.

म्हणजे दिसत होतं, पण उमजत नव्हतं. एक उन्हाळा असा आला की ती घरून आणलेली पाण्याची कॅन दुपारपर्यंतच संपवू लागली. मंग माझ्या कॅनले हात घाले. दर घडीभरानं उठे, "भाऊ, दुकानाकडे ध्यान ठेवा, आलीच मी," आणि शाळेच्या मागं जाऊन येई. बाजारात बाईमाणसाले यासाठी जागा कुठं असते? कधी कधी उठावं लागू नये म्हणून ती तोंड कोरडं ठेवून बसे. मी तिची मजाक करायचो, सिंधूबाई, बाजार भरला का तुझी यात्रा निघाली? ती हसायची. अंगानं उतरली होती, तर लोक म्हणत, सासूबाई झाली तरी पोरीसारखी बारीक राह्यली. चहा मात्र तिले असा लागे की तळाशी साखर दिसली पाहिजे.

त्याच्या पुढच्या साली तिच्या पायाची आग सुरू झाली. संध्याकाळी घरी गेली की ती दोन्ही पाय पाण्याच्या बादलीत बुडवून बसायची. मंदानं मेंदी लावून पाह्यली, तळव्याले काशाची वाटी घासली, कोरफडीचा गर लावला. आग हटेना. सिंधूबाई म्हणायची की निखाऱ्यावर पाय ठेवल्यासारखं वाटते, आणि मुंग्या तर अशा की जशा खरोखरच्या चढून राह्यल्या. दवाखान्यात जा म्हणून कोणी म्हटलं नाही. उष्णता आहे, असं सगळे म्हणाले. मीही म्हटलं.

मंग तिनं केळझरच्या गणपतीले नवस केला. पायाची आग थांबली तर जन्मभर पायात चप्पल घालणार नाही, आणि दर चतुर्थीले अनवाणी दर्शनाले येईन.

आग थांबली. एकदम नाही, हळूहळू, वर्षभरात. पहिले मुंग्या गेल्या, मंग जळजळ गेली. एका बाजाराच्या दिवशी ती आली तेच हातात चप्पल घेऊन. त्या चपला तिनं बाजूच्या मडकेवालीले देऊन टाकल्या आणि मले म्हणाली, "भाऊ, गणपतीनं आयकलं." तिच्या तोंडावर असा उजेड मी तिच्या पोराच्या लग्नातही पाह्यला नव्हता. मी तिले म्हटलं, तुझी भक्ती खरी. मले मनापासून तसं वाटलं होतं.

त्यानंतरच्या वैशाखात तिनं गावाले चकित केलं. डांबर पाघळून आमच्या चपलांचे तळवे चिकटत होते, अशा दुपारी सिंधूबाई सडकेच्या मधोमध उभी राहून टेम्पोतून माल उतरवून घेत होती. मी ओरडलो, अवं सावलीत हो, पाय भाजतीन. ती म्हणाली, "मले थंड लागते." लोकांनी हे आयकलं. मंग काय, बाया तिच्या पाया पडू लागल्या. चतुर्थीले ती केळझरले निघाली की रस्त्यानं तिच्या पायावर पाणी घालायले बाया थांबत. माझी सून माहेराहून आली तेव्हा मीच तिले नेऊन म्हटलं, पड पाया, हे देवाचे पाय आहेत. सिंधूबाई लाजून पाय लुगड्यात ओढून घ्यायची. पण तिले आवडत होतं, हे खोटं कशाले बोलू. जन्मभर जिनं लोकांच्या पिशव्यांत भाजी टाकली, तिच्यापुढं कोणी वाकत आहे, हे कोणाले आवडणार नाही?

आता माझी गोष्ट. ही मी आतापर्यंत मंदाशिवाय कोणाले सांगितली नाही.

एका बाजाराले उपकेंद्रातली सिस्टर टेबल मांडून बसली. तीस वर्षांवरच्या सगळ्यांनी या, साखर आणि बीपी तपासून घ्या, बोटातला एक थेंब लागते, पैसे नाही, असं ती दुकानादुकानाशी जाऊन सांगून राह्यली होती. तरणीच पोरगी होती, पण समजावून बोलायची. आमच्यापाशी आली. सिंधूबाई उठली. उजवा हात ओला होता, तो तिनं पदराले पुसला आणि बोट पुढं करूनच निघाली. तेवढ्यात मी बोललो.

मी म्हटलं, "सिस्टर, ज्याले बिमारी आहे त्याले टोचा. ह्या बाईच्या पायाले गणपतीनं हात लावला आहे. हिची काय तपासणी करता?"

सगळे हसले. सिस्टरले राग आला नाही. ती म्हणाली, "बाबा, ही बिमारी आतल्या आत वाढते. माणूस चालता-फिरता असते, अन् आत डोळे, किडनी, पाय खराब होत जाते. दिसू लागली तं उशीर झालेला असते. म्हणून चांगल्या माणसालेच दर साली तपासायचं."

पोरीनं चारचौघांत मले शिकवावं, हे मले झेपलं नाही. मी म्हटलं, पासष्ट पावसाळे सुईशिवाय काढले, पुढचेही काढीन. सिंधूबाई माझ्या तोंडाकडे पाहत उभी होती. मंग म्हणाली, "भाऊ म्हणते तं राहू द्या, बाई." आणि पोत्यावर परत बसली. हात तिनं पुन्हा मिरच्यांच्या ढिगावर ठेवला.

बस, एवढंच. उठलेली बाई बसली. त्यानंतर मी किती वेळा ती दुपार मनात उलटवली असेल, त्याले मोजदाद नाही.

पुढच्या हिवाळ्यात मले तिच्या बसायच्या पोत्यावर लाल डाग दिसला. मले वाटलं टमाटर फुटला. ती उठून गिऱ्हाईकाकडे गेली तर मातीवरही तसेच डाग, एक पाऊल सोडून एक. मी म्हटलं, सिंधूबाई, पाय वर कर. डाव्या तळव्यात हिवराचा काटा, अख्खा आत गेलेला, बोटभर. केव्हा रुतला, म्हटलं. तर म्हणे, मालूम नाई. शेतातून बाजारापर्यंत ती त्या काट्यावर चालत आली होती. कापडवाल्यानं चिमट्यानं तो उपसला, तेव्हा ती माझ्याशी मेथीच्या भावाचं बोलत होती. तिच्या डोळ्याची पापणीही हलली नाही. जमलेल्या लोकांनी गणपतीचा जयजयकार केला. मीही हात जोडले.

हळद भरली, फडकं बांधलं. दुखत नाही म्हणून ती रोज शेतात गेली. मले म्हणाली, दुखत नाई तं जखम कायची? दोन आठवड्यांनी मंदा माझ्या घरी धावत आली. म्हणाली, मामाजी, आत्याबाईच्या खोलीत वास येऊन राह्यला. पोरगा कामावर होता, म्हणून मीच ऑटो बोलावला आणि तिघं वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात गेलो.

तिथं एक डॉक्टरीणबाई होती. तिनं जखम पाह्यली, रक्त काढायले लावलं, आणि मंग एक बारीक नायलॉनचा दोरा घेतला. सिंधूबाईले म्हणाली, आजी, डोळे मिटा. मी पायाले दोरा लावीन. लागला की हो म्हणा. सिंधूबाईनं डोळे मिटले. डॉक्टरीणबाईनं दोरा अंगठ्याले लावला, तळव्याले लावला, टाचेले लावला. पहिले डावा पाय, मंग उजवा. मी पाहत होतो. दहा ठिकाणी लावून झालं. सिंधूबाई डोळे मिटून बसलेली, शाळेतल्या पोरीसारखी, चूक होऊ नये म्हणून मन लावून. शेवटी ती म्हणाली, "बाई, लावा ना मंग."

मंदानं तोंडाले पदर लावला. डॉक्टरीणबाईनं दोरा खाली ठेवला.

साखर चारशेच्या वर निघाली. डॉक्टरीणबाईनं खुर्ची ओढून आम्हाले समजावलं, आणि मी जन्मात पहिल्यांदा कोणाचं बोलणं मधात न तोडता आयकलं. साखर दहा वर्षांपासून असेल, म्हणाली. पाणी पाणी होणं, सारखं लघवीले जाणं, अंगानं उतरणं, ही तिची पावलं. मंग ती नसा खाते. मी विचारलं, पण बाई, आग तर थांबली होती. ती म्हणाली, "आग होत होती तेव्हा नसा जिवंत होत्या, म्हणून ओरडत होत्या. थांबली तेव्हा त्या मेल्या होत्या."

गणपतीचा यात काही दोष नाही. तो काय करील? आम्ही त्याले आग थांबव म्हटलं, रक्त तपासायची अक्कल दे असं कोणीच म्हटलं नव्हतं.

पाय गुडघ्याच्या खालून काढावा लागला. आणि त्याच दिवशी, सोबतच्या माणसांचीही तपासणी करतात म्हणून, माझंही बोट टोचलं. माझीही साखर निघाली. मी ते घरी सांगितलं नाही. गोळ्यांचं पाकीट धान्याच्या कोठीमागं ठेवून दिलं. मंदानं सिंधूबाईले सांगितलं असेल. सिंधूबाईनं निरोप धाडून मले बोलावलं. खाटेवर बसली होती, लुगड्याची एक बाजू रिकामी. म्हणाली, "भाऊ, एक नवस करून पाह्यला. तुमच्यासाठी दुसरा करनार नाई. मुकाट्यानं गोळ्या खा." त्या दिवसापासून मी खातो. भात कमी केला, चहा बिनसाखरेचा. सकाळी कालव्यापर्यंत चालून येतो, चप्पल घालून. दर तीन महिन्यांनी रक्त देतो.

बाजार तिचा सुटला. पण बाया घरी येऊ लागल्या. काही तर उरलेल्या पायाच्याच पाया पडायले. एकीनं वाकून हात लावला तर सिंधूबाईनं तिचं मनगट धरलं आणि म्हणाली, "पायात काई नाई, बाई. रक्त तपासलं काय तू?" ती नाही म्हणाली तर तिले बसू दिलं नाही. जा, उपकेंद्रात जाऊन ये, मंग चहा देतो, म्हणाली. पुढं हेच तिचं चालू झालं. कोणी सासू-सून भेटायले आल्या की पहिला प्रश्न तोच. आता उपकेंद्रात तपासणीच्या दिवशी रांग असते, आणि सिस्टर म्हणते की निम्म्या बाया सिंधूबाईनं हाकललेल्या आहेत.

मले मात्र ती कधी काही बोलली नाही, आणि तेच मले सहन होत नव्हतं. एक दिवस मीच विषय काढला. म्हटलं, सिंधूबाई, त्या दिवशी मी मधात बोललो नसतो तर तुझा पाय असता. ती पालक निवडून राह्यली होती. डोळ्यांनी कमी दिसू लागलं होतं, बोटांनी चाचपून पानं वेगळी करत होती. मंग म्हणाली, "मी का लहान होती, भाऊ? मी माह्या मनानं बसली." एवढं बोलून पालक निवडायले लागली. मले वाटलं होतं ती शिव्या देईल आणि माझं ओझं उतरेल. तिनं ते उतरू दिलं नाही, का उचलून स्वतः घेतलं, हे मले अजून समजलं नाही.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. त्या सकाळी ती दवाखान्यात गेली, ती परत आली नाही. पायाचं विष अंगात पसरलं, किडनीही थकलेली होती, बारा दिवसांनी दवाखान्यातच गेली. हे आधीच सांगून टाकतो, कारण मले तिचं मरण लिहायचं नाही. मले ती सकाळ लिहायची आहे.

मी चालून परत येत होतो. सिंधूबाई अंगणात खाटेवर, मंदा शेतात तुरीच्या शेंगा तोडायले गेलेली. उरलेला पाय रोज पाहायचा, असं डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं. बोटांच्या बेचक्यातही पाहायचं. मंदा रोज पाहायची. त्या दिवशी घाईत राहून गेलं. सिंधूबाईले स्वतःले आता दिसत नव्हतं. माझी चाहूल ओळखून म्हणाली, "भाऊ, येता काय? जरा पाय पाहून द्या."

मी आयुष्यात बायकोचाही पाय हातात घेतला नव्हता. खाटेपाशी उकिडवा बसलो आणि तिचा पाय मांडीवर घेतला. थंड होता. टाच पाह्यली, तळवा पाह्यला. करंगळी बाजूले केली तर बेचक्यात काळा डाग, ज्वारीच्या दाण्याएवढा, भोवती लाल. मी बोटानं पुसून पाह्यला. माती नव्हती.

ती वाट पाहत होती. तिचं तोंड माझ्याकडे होतं, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे. काही नाई, असं म्हणायले किती सोपं होतं. तिची सकाळ तरी चांगली गेली असती. मंदा संध्याकाळी पाहीलच, असंही मनात आलं.

मी म्हटलं, "आहे, सिंधूबाई."

"कुठं?"

"करंगळीपाशी. काळं पडलं आहे."

तिनं हातानं खाटेची दोरी चाचपली, दोन-तीनदा. मंग म्हणाली, "बरं केलं बोलले. मंदाले बोलवा. आजच जातो."

मी बांधावर जाऊन मंदाले हाक मारली, ऑटो बोलावला. मागं तोंड करून बसायची सीट असते, तिथं दोघी बसल्या. मंदानं धुतलेल्या धोतराच्या फडक्यात पाय गुंडाळून आपल्या मांडीवर घेतला. मीही येतो म्हटलं तर जागा नव्हती, आणि सिंधूबाईनं नकोही म्हटलं. ऑटो सुरू झाला तशी तिनं विचारलं, "भाऊ, सकाळची गोळी घेतली काय?"

मी म्हटलं, "राह्यली."

"मंग उभे काय राह्यले? जा घरी."

ऑटो कालव्याच्या पुलाकडे लागला. ती मागं तोंड करून बसलेली, म्हणजे माझ्याकडेच. तिले मी दिसत नव्हतो. पण मी तिथंच उभा आहे, हलत नाही, हे तिले पक्कं माहीत असावं. पूल ओलांडेपर्यंत ती हात हलवत होती, जा, जा.